वाईटपणा माझा, टाळ्या तुझ्या

फ्लोरी, तुझ्या शोकसभेत मला तुझा हेवा वाटला.

असं उघड लिहिताना बरं वाटत नाही, पण तुझ्याशी खोटं बोलायची सवय मला कधी नव्हती आणि आता ती लावून घेण्यात अर्थ नाही. अजून महिनाही झाला नाही तुला जाऊन. भाचीच्या लग्नाला म्हणून वसईला गेलीस, लग्नात सगळ्यांना दमवेपर्यंत नाचलीस म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठलीच नाहीस. तिकडे तुझ्या गावच्या चर्चमध्ये सगळं होऊन गेलं. इकडे दुबईत आम्ही ऑफिसच्या मोठ्या मीटिंग रूममध्ये तुझा फोटो मांडून बसलो. फोटो कंपनीच्या पिकनिकचा. मूळ फोटोत मीही आहे, तुझ्या खांद्यावर हात टाकून. रिसेप्शनवरच्या ग्रेसने मला कापून काढलं आणि तुला तेवढी ठेवली. माझी चार बोटं मात्र तुझ्या खांद्यावर राहून गेलीत. नीट बघितलं तरच दिसतात.

एकेक जण उठून बोलत होता. वर्कशॉपमधले सुतार, पेंटर, पॉलिशवाले सगळे अल क्वोझहून कंपनीच्या बसने आले होते, अंघोळी करून, इस्त्रीचे शर्ट घालून. आपला फोरमन सावंत, कुडाळचा तो दांडगा माणूस, ज्याच्या आवाजाने साइटवरची कबुतरंसुद्धा उडतात, तो बोलायला उभा राहिला आणि त्याला बोलताच येईना. मग कसाबसा म्हणाला, "फ्लोरी मॅडम नसत्या तर आमच्यातले निम्मे आज गावाला बसलेले असते. त्या भांडल्या आमच्यासाठी. दर टायमाला भांडल्या."

कोणाशी भांडल्या, ते तो बोलला नाही. गरजच नव्हती. सगळ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा फोटोकडे पाहायला लागले. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं असेल, शरमली. अगं, मी जळत होते. तू गेल्याचं दुःख होतंच, पण त्याच्या शेजारीच हेही बसलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी हेच जास्त दुखत होतं. कारण त्या खोलीत एवढी माणसं होती, आणि आपण दोघींनी काय केलं होतं हे फक्त मला ठाऊक होतं. दुसरी माहीत असणारी फ्रेममध्ये बसून हसत होती.

तुला आठवतं का, हे सुरू कसं झालं? कोविडच्या वर्षी. हॉटेलांची कामं बंद, ऑफिसांची कामं बंद, आणि आपली कंपनी तर जगते हॉटेलांच्या आणि ऑफिसांच्या इंटिरिअरवर. मिस्टर नबीलनी आपल्या दोघींना केबिनमध्ये बोलावलं. ऑपरेशन्स तुझ्याकडे, फायनान्स माझ्याकडे, म्हणजे माणसं तुझी आणि आकडे माझे. ते म्हणाले, सगळ्यांचे पगार वीस टक्के कमी करा, नाहीतर खलास, मी शटर ओढतो. तुझा चेहरा पांढरा पडला होता. इथे पगार कमी होणं एक वेळ चालतं, पण नोकरी गेली तर व्हिसा जातो, व्हिसा गेला की मुलांची शाळा, घर, सगळा संसार बॅगांमध्ये भरायचा. आणि पगार कापलेली, मन विटलेली माणसं काम टाकून देतील, ही तुझी भीती. ती खरी होती.

आपण अल मनखूलमधल्या नेहमीच्या उडप्याकडे जाऊन बसलो. लॉकडाउननंतर पुन्हा उघडून फार दिवस झाले नव्हते त्याला, एकाआड एक टेबल बंद. तू डोशाला हात लावला नव्हतास. आणि एकदम म्हणालीस, "वृंदा, क्लायंटला कोटेशन देताना आपण काय करतो?"

"काय करतो?"

"वर थोडं ठेवतो. मग तो घासाघीस करतो, आपण कमी करतो, तो खूश होऊन सही करतो. प्राइस तीच, जी आपल्याला पाहिजे होती. पण तो जिंकलेला असतो. स्टाफलाही जिंकू दे ना."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग तू समजावलंस. मी सगळ्यांसमोर तीस टक्के सांगायचे. तू उठून भांडायचं. मी थोडं ताणायचं आणि मग वीसवर यायचं. माझ्या तोंडाकडे पाहून तू म्हणालीस, "फक्त एकदाच गं. वाईटपणा तू घे, नेक्स्ट टाइम मी घेईन."

नेक्स्ट टाइम. हे तू बोललीस, फ्लोरी. डोशाची शपथ घेऊन सांगू शकते मी.

पहिल्या प्रयोगाला आपण दोघी किती घाबरलो होतो. वर्कशॉपमध्ये सगळे मास्क लावून लांब लांब उभे. मी तीस टक्के म्हटलं आणि कोणी श्वाससुद्धा घेतला नाही.  मग तू पुढे आलीस. आधी हळू बोललीस, मग आवाज चढवलास, टेबलावर हात आपटलास. हे सगळं ठरलेलं होतं. पण मग तू माझ्याकडे बोट करून हिंदीत म्हणालीस, "वृंदा मॅडम, आपके सीने में दिल है या कॅलक्युलेटर?"

हे ठरलेलं नव्हतं.

लोक हसले. त्या दिवसांत हसायची सोय नव्हती, त्यामुळे जास्तच हसले. मी ठरल्याप्रमाणे वीसवर आले, टाळ्या झाल्या, एकदोघांनी मास्क खाली ओढून शिट्ट्या मारल्या. तुझ्याभोवती घोळका झाला आणि मी माझी फाईल उचलून एकटी गाडीकडे गेले. त्या दिवसापासून मी कॅलक्युलेटर मॅडम झाले ती आजपर्यंत. नवीन आलेल्या मुलांनाही हे नाव आधी कळतं, माझं खरं नाव मागून.

गाडीत मी तुला म्हटलं, "ते वाक्य आपलं ठरलेलं नव्हतं."

"अगं, फ्लोमध्ये आलं. पण काय इफेक्ट आला बघितलंस ना?"

"इफेक्ट माझ्यावर आला."

तू हसत सुटलीस. शेख झायद रोडवर गाडी चालवता चालवता इतकी हसलीस की मलाही हसू आलं. त्या वेळी मला खरंच वाटलं होतं की हे आपल्या दोघींचं आहे, एवढी मोठी गंमत, आणि ती फक्त आपल्यालाच माहीत. तेव्हा हेवा वाटला नव्हता. तो हळूहळू आला.

दुसऱ्या दिवशी तू डबा आणलास. घरी तळलेले फुगे, ते तुमच्या वसईकडचे पोकळ गोल पाव, आणि कोंबडीचा रस्सा. माझ्या टेबलावर आदळून म्हणालीस, "घे, वाईटपणाचा भत्ता." मग ती रीतच पडली. मी एखादी नको ती गोष्ट सांगायची, शिव्या खायच्या, आणि दुसऱ्या दिवशी तुझा भत्ता खायचा. ते फुगे इतके हलके व्हायचे की हातात घेतल्यावर काही घेतलंय असं वाटायचं नाही. साताऱ्याहून माझी आई आली होती तेव्हा तिला खिलवले, तर ती म्हणाली, हिच्याकडून शिकून घे की. म्हटलं, आई, तू पण?

कारण तोवर तो घोळका वाढत चालला होता, फ्लोरी. माझ्या केबिनमध्ये लोक यायचे ते बिलं घेऊन, आणि सही झाली की निघून जायचे. तुझ्या केबिनमध्ये लोक यायचे आणि जायचेच नाहीत. कोणाच्या बायकोला दिवस गेले, कोणाच्या भावाची जमिनीची केस, कोणाला गावी बोअर मारायची, सगळं तुझ्याकडे. इफ्तारला तू सुतारांच्या पंगतीत मांडी घालून खजूर खायचीस आणि मला मिस्टर नबीलच्या शेजारची खुर्ची मिळायची. मान माझा मोठा होता, कबूल. पण मी त्या खुर्चीवरून तुमच्याकडेच बघत असायचे.

दुसऱ्या मंदीत मी सगळ्यांचं दर वर्षीचं गावचं तिकीट बंद केलं. तू भांडून ते परत मिळवलंस. म्हणजे आपण दोघींनी आधीच ठरवलं होतं की तिकीट द्यायचं आणि त्याऐवजी ओव्हरटाइमचा दर उतरवायचा, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते तिकीट. त्यांनी तुझ्यासाठी केक आणला. त्यावर 'थँक यू फ्लोरी मॅडम' लिहून घेतलं होतं. त्या केकचं बिल कुणीतरी ऑफिस खर्चात टाकलं आणि ते मंजुरीला माझ्याकडे आलं. मी सही केली. केकचा तुकडा मात्र माझ्यापर्यंत आला नाही.

तुला ही गोष्ट मी सांगितली तेव्हा तू पुन्हा हसलीस. एखाद्याने निदान सॉरी म्हटलं असतं.

आणि घरीही तुझीच सत्ता. माझ्या सईने दहावीचा रिझल्ट आधी तुला फोन करून सांगितला. मी स्वयंपाकघरात होते, दहा पावलांवर. तिला विचारलं तर खांदे उडवून म्हणाली, "आई, फ्लोरी आंटी लिसन्स. यू ऑडिट मी."  आता ती रोज तुझा जुना व्हॉइस मेसेज लावून ऐकते. त्यात तू तिला वांग्याची भाजी कशी टाळायची ते सांगतेयस, तेही माझ्याच घरच्या वांग्याची. दार लावून ऐकते, पण भिंती पातळ आहेत. मी बाहेर उभी राहून ऐकते आणि आधी मला राग येतो, मग रडू येतं, मग पुन्हा राग.

असं वाटू नये की मला काहीच आठवत नाही. माझे वडील गेले तेव्हा महिनाअखेर होती, सगळ्यांचे पगार निघायचे होते आणि मी साताऱ्याला. तुला आकड्यांचा तिटकारा. तरी तू माझ्या खुर्चीवर बसलीस, आठवडाभर बसलीस, आणि पगार वेळेवर काढलेस. मला फोनवर एकदाही विचारलं नाहीस की हे कुठे आहे, ते कुठे आहे. नुसती विचारायचीस, "जेवलीस का?" मी परत आले आणि कळलं की तू तिघांना ओव्हरटाइम दोनदा देऊन ठेवला होतास. अर्थात तो परत मागायला मलाच जावं लागलं. ते तिघं आजही समजतात की फ्लोरी मॅडमनी बोनस दिला होता आणि कॅलक्युलेटर मॅडमनी हिसकावून घेतला. पण त्या आठवड्यात तू माझं सगळं उचललंस, आणि त्याबद्दल मी तुला धड थँक यूसुद्धा म्हटलं नाही. ओव्हरटाइमवरूनच बोलत बसले. आता म्हणते. थँक यू गं.

आपलं शेवटचं भांडण तुला माहीतच आहे, पण ते अर्धवट राहिलंय, म्हणून पुन्हा काढते.

यंदा पुन्हा कामं थांबली. दोन मोठ्या क्लायंटनी पैसे अडकवले आणि मिस्टर नबीलनी पुन्हा आपल्याला बोलावलं. या वेळी पगार कापून भागणार नव्हतं, दोन माणसं कमी करायची होती. आपल्या रीतीप्रमाणे मी पाच सांगायचे आणि तू तीन वाचवायचीस. पाचांत सावंतचं नाव घालायचं, हे तूच सुचवलंस. म्हणालीस, सावंत वाचला की वर्कशॉप नाचेल, मग बाकीच्या दोघांचं थोडं हलकं होईल.

ऑफिस सुटल्यावर आपण मरीनाला चालायला गेलो होतो. तू अठ्ठावीस दिरहमची कॉफी घेतलीस, मी मोठ्यांदा म्हटलं, "साडेसहाशे रुपये झाले की गं," आणि तू म्हणालीस, "बघ, कॅलक्युलेटर." रोजचीच थट्टा. पण त्या दिवशी मला ती लागली.

मी म्हटलं, "फ्लोरी, या वेळी उलट करू. तू पाच सांग, मी भांडते."

"तू? तुला कुठे भांडता येतं? तू आकडा सांगतेस आणि गप्प बसतेस."

"शिकेन. नेक्स्ट टाइम मी घेईन म्हणाली होतीस तू. किती नेक्स्ट टाइम झाले."

तू हसायची थांबलीस.  मग म्हणालीस, "नाही गं जमणार मला. ती माणसं माझ्यावर चिडलेली मला नाही बघवणार. तुला जमतं."

"मला जमत नाही. मी करते."

"तेच ते."

"तेच ते नाही," मी ओरडले. आजूबाजूचे लोक बघायला लागले. "मलापण कुणीतरी बघून हसावं असं वाटतं. लिफ्टमध्ये मी शिरले की बोलणं बंद होतं. माझ्या वाट्याचं अर्धं तू घेऊन बसलीयस आणि तुला ते दिसतसुद्धा नाही."

तू कॉफी तशीच अर्धी टाकून दिलीस, तेही मला दिसलं.  आठवडाभर कामापुरतं बोललो. मग तू एअरपोर्टवरून फोन केलास. मागे सगळा गोंधळ, फ्लाइटच्या घोषणा. म्हणालीस, "सावंतची ओव्हरटाइमची फाईल साइन कर, आणि यल्ला, चल, तोंड फुगवून बसू नकोस. मी विचार करतेय तू बोललीस त्याच्यावर."

मी म्हटलं, "फाईल बघते."

एवढंच. तू काय विचार करत होतीस, ते आता मला कधीच कळणार नाही. हो म्हणणार होतीस का? की नुसतं फोनवर गोड बोलून माझी समजूत काढत होतीस? तुझ्या सवयी मला माहीत आहेत. क्लायंटलाही तू असंच सांगायचीस, विचार करते म्हणून, आणि करायची नाहीस. मला वाटतं, तू नाहीच म्हणणार होतीस. पण कधी कधी जेवताना मध्येच वाटून जातं की नाही, हो म्हणणार होतीस, आणि मग मी ताट बाजूला सारते.

तुझ्या शोकसभेनंतर दोन दिवसांनी मिस्टर नबीलनी मला बोलावलं. डोळे लाल होते त्यांचे, खोटं कशाला बोलू. तुझ्याबद्दल बरंच बोलले. मग घसा साफ करून म्हणाले, "वृंदा, तिच्या जागी मी कोणाला घेणार नाही. यू हँडल बोथ. टीम तुला ओळखते. पगाराचं पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला." टीम मला ओळखते! मी हो म्हटलं, दुसरं काय म्हणणार, आणि केबिनमध्ये येऊन बजेटची शीट उघडली. माणसांच्या यादीत तुझं पद होतं. ते काढायचं होतं. ते काम इतर कुणी करावं असं वाटलं नाही, म्हणून मीच केलं.

पद काढलं आणि खालची बेरीज बदलली. मी बघत राहिले. पुन्हा तपासली. मग पुन्हा. तुझा पगार, तुझं घरभाडं, गाडी, तिकीट, इन्शुरन्स, सगळं मिळून त्या दोन माणसांपेक्षा जास्त होतं. कुणालाही काढायची गरज उरली नव्हती.

फ्लोरी, तेव्हा मला तुझा जेवढा हेवा वाटला तेवढा आयुष्यात वाटला नसेल. म्हणजे आता मेल्यावरही तूच वाचवणार का सगळ्यांना? काही मर्यादा आहे की नाही? मी तिथे खुर्चीवर बसून तुला अक्षरशः शिव्या दिल्या, सातारी शिव्या. ग्रेस दार उघडून बघून गेली. तिला मराठी येत नाही ते बरं.

पण मग दुसरं लक्षात आलं. ही बातमी सांगायची होती. आणि ती सांगायला तू नव्हतीस.

पाच जण जाणार, ही कुजबुज वर्कशॉपमध्ये तू असतानाच पोचली होती. सावंतने मुलीचं कॉलेजचं ॲडमिशन थांबवून ठेवलंय, असं कानावर आलं होतं. मी दोन दिवस काय बोलायचं त्याची तयारी केली. एक वाक्य तयार ठेवलं होतं, चांगलं वाक्य होतं, की फ्लोरीच्या जागी कोणी येणार नाही आणि त्यातून आपण सगळे वाचलो, तिचे आभार माना. आरशासमोर म्हणून पाहिलं. सई बाहेरून म्हणाली, "आई, आर यू ओके?" म्हटलं, हो, ऑडिट चाललंय.

आज दुपारी वर्कशॉपमध्ये गेले. रंधे थांबले, मशीन बंद झाल्या. सगळे उभे राहिले, हात बांधून. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. सावंत पुढे आला. त्याचा आवाज इतका खाली होता की मला वाकावं लागलं.

"मॅडम, फिरवून सांगू नका. किती जण?"

"कुणीच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीच जाणार नाही. पगार तोच. तिकीट तेच. सगळे राहणार."

वाटलं होतं, टाळ्या होतील. काही झालं नाही. ते उभेच. एकमेकांकडे बघायला लागले. मला कळेना. मग सावंत म्हणाला, "मॅडम, असं कसं? तुम्ही आधी जास्त सांगता, मग कमी होतं. आता आधीच झिरो सांगितलंत, तर फायनल किती?"

अगं, त्यांना सवय लागली होती! मी झिरो म्हटलं, तर ते वाढायची वाट बघत होते. आपण काय करून ठेवलंय बघ. मी म्हटलं, "सावंत, फायनल पण झिरो. खलास. लिहून देऊ?"

मग मागून कुणीतरी एकाने टाळी वाजवली. आणि मग सगळे. पॉलिशवाला बंगाली म्हातारा भिंतीला टेकून खाली बसला आणि तोंड झाकून हसायला लागला. सावंतने माझे दोन्ही हात धरले. त्याच्या तळव्यांवर भुसा होता, तो माझ्या हाताला लागला. डोळ्यांतून पाणी चाललेलं. म्हणाला, "मॅडम, आम्ही तुम्हाला काय काय बोललो. तुम्ही भांडलात साहेबाशी? आमच्यासाठी? तुम्ही केलंत हे?"

ते वाक्य तोंडात तयार होतं, फ्लोरी. जिभेवर होतं. तुझं नाव त्यात पहिलं होतं.

मी म्हटलं, "हो. मी केलं."

आणि घेतल्या मी त्या टाळ्या. सगळ्या घेतल्या. कुणीतरी चहा आणला, कुणीतरी खुर्ची पुसून दिली, मला मध्ये बसवलं आणि सगळे भोवती उभे राहिले. याआधी कुणी मध्ये बसवल्याचं आठवत नाही मला. इतकं छान वाटतं हे? इतकं? आणि तू इतकी वर्षं एकटीच खात होतीस, मला फुग्यांवर भागवत होतीस! मला राग आला तुझा आणि मी खुशीत चहा पीत राहिले. त्यांना कधीतरी सांगेन मी खरं काय ते. यंदा नाही. यंदा हे माझं आहे. तुझ्याकडे खूप आहे.

सावंत डोळे पुसत म्हणाला, "आज फ्लोरी मॅडम असत्या तर किती खूश झाल्या असत्या."

"खूश कसली," मी म्हटलं, "जळली असती."

सगळे हसले. मोठ्याने हसले. माझ्या बोलण्यावर ती माणसं पहिल्यांदा हसली, आणि मीही हसले, आणि हसता हसता वळून तुला शोधलं. सांगायला, की बघ. बघ ना. तुझं तोंड कसं होतंय ते मला बघायचं होतं.

मग घोळक्यात, चहाचा कप हातात धरून, मी रडायला लागले. त्यांना वाटलं, आनंदाने.

जळायला हवी होतीस गं आज तू, फ्लोरी. तेवढ्यासाठी तरी असायला हवी होतीस.